फोडणीचे अर्थकारण

खाद्यतेलाचा प्रश्न निघाला की चर्चा आयातशुल्क, हमीभाव आणि साठेबाजी यांच्याभोवती फिरत राहते. त्याचा एक धागा घरातील कढईपर्यंत पोचतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. भाजी किती तेलात शिजवावी, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा विषय मानला जातो. परंतु जो देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो, तेथे फोडणी ही केवळ खासगी बाब उरत नाही.

२०२३-२४ या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात झाले आणि त्यापोटी सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम देशाबाहेर गेली. २०२२ साली युक्रेनमधील युद्धाने सूर्यफूल तेलाची वाट अडली. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. दूरदेशीच्या घटनांचे चटके येथील चुलीला लगेच बसले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे १९८६ च्या तेलबिया अभियानामुळे देश स्वयंपूर्णतेच्या जवळ पोचला; पण १९९४ नंतर आयात खुली होत गेली, स्वस्त पामतेल आले आणि तेल जपून वापरण्याची सवय सुटली. आज दरडोई वार्षिक वापर सुमारे १९.७ किलोग्रॅम, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम भरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार उष्मांकांच्या आहाराचा जो आराखडा दिला, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, तर भाज्या ४०० ग्रॅम आहेत. थोडक्यात, तेल दुप्पट झाले आहे.

कमी तेलाचा स्वयंपाक म्हणजे आजाऱ्याचे पथ्य, ही समजूत निराधार आहे. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर भाजी वाफेत शिजवण्याची रीत मराठी घरांत जुनीच आहे. दुधी, पडवळ, कोबी यांच्या अंगी स्वतःचे पाणी भरपूर असते. त्यांना लागते ती चमचाभर फोडणी. रायगड जिल्ह्यातील पोपटीत तर वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भाजतात. त्यात ना पाणी, ना तेल. असे असूनही रश्शावर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुणचारात उणे राहिले, असे मानले जाते. पूर्वीच्या टंचाईत तेल ही चैन होती; टंचाई सरली तरी तिची प्रतिष्ठा मागे उरली.

अर्थात, तेल पूर्णपणे वर्ज्य करणेही शहाणपणाचे नाही. गाजर, पालक यांतील कॅरोटीन अंगी लागण्यासाठी थोडा स्निग्धांश हवाच. मात्र शेंगदाण्याचे कूट आणि ओले खोबरे यांतूनही तो मिळतो, हे हिशेबात धरले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सरासरीचा आकडा सर्वांना सारखाच लागू होत नाही. कष्टकऱ्याच्या भाकरीबरोबरचे तेल हा त्याच्या उष्मांकांचा स्वस्त आधार आहे; त्याला काटकसरीचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. संयमाची जबाबदारी आहे ती सुखवस्तू घरांवर, उपाहारगृहांवर आणि फरसाणाच्या कारखान्यांवर. तसेच ही जबाबदारी घरातील एकट्या स्त्रीवर ढकलून भागणार नाही. ताटावर बसून तवंगाची मागणी करणाऱ्यांनीही जिभेला वळण लावले पाहिजे.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले, ते आरोग्याच्या दृष्टीने. त्याचे आर्थिक मोलही थोडे नाही. ढोबळ हिशेबाने ही बचत २७ लाख टनांच्या घरात जाते, म्हणजे आयातीच्या जवळजवळ एक षष्ठांश. परंतु मागणी घटली की भावही उतरतात. आणि ही घट आयातीवर पडेल की मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन उत्पादकावर, हे शुल्कधोरणावर अवलंबून राहते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना अनेक बाजार समित्यांत भाव त्याखालीच राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेले कच्च्या तेलावरील शुल्क मे २०२५ अखेर पुन्हा उतरवण्यात आले. अशा धरसोडीने ना शेतकऱ्याला भरवसा मिळतो, ना ग्राहकाला.

म्हणून दोन्ही गोष्टी बरोबरच व्हायला हव्यात. सुस्थितीतील घरांनी हात आखडता घ्यावा आणि सरकारने शुल्कात स्थैर्य राखून हमीभावाने खरेदी करावी. शासनाने आपली बाजू सांभाळली नाही, तर गृहिणीने वाचवलेल्या तेलाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागेल. आणि काटकसरीचा असा जमाखर्च कोणत्याही अर्थशास्त्रात न्याय्य ठरणार नाही.