मुदत कोणाची, विलंब कोणाचा?

परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्रात आईवडील एके काळी दोन गोष्टी आधी शोधीत. प्रकृती आणि पगार. आज पुण्याच्या कोथरुडात किंवा मुंबईच्या पार्ल्यात असंख्य घरांतून तिसराच प्रश्न प्रथम विचारला जातो : ‘मुदत केव्हा संपते?’ अमेरिका जे एच-१बी व्हिसा मंजूर करते, त्यांतील दहांपैकी सुमारे सात भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला येतात. तेव्हा हा मूठभर घरांचा प्रश्न उरलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याचे उग्र रूप दिसले. एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची छाननी त्या महिन्यात सुरू झाली, भारतातील अमेरिकी वकिलातींनी ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या, आणि चार आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसे नोकरी तिकडे, बिऱ्हाड तिकडे व आपण इकडे, अशा अवस्थेत सापडली.

यातील पहिला घोटाळा तारखांचा आहे. पासपोर्टावरील व्हिसाची तारीख ही दार ठोठावण्याच्या अधिकाराची तारीख होय. आत किती दिवस राहावयाचे, हे प्रवेशाच्या वेळी झालेली आय-९४ ही नोंद ठरविते. सुशिक्षित माणसेही पहिलीकडे पाहतात आणि दुसरी विसरतात. मंजुरी तीन वर्षांची असली, तरी पासपोर्ट त्याआधी संपत असल्यास विमानतळावरील अधिकारी अनेकदा पासपोर्टच्या अखेरच्या दिवसापर्यंतच मुक्काम देतो. ही चूक क्षुल्लक नव्हे. १९९६ च्या कायद्यान्वये १८० दिवसांहून अधिक अवैध वास्तव्य करून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, आणि वर्षभर वा अधिक तसे राहणाऱ्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही.

मग मुदतवाढीचा अर्ज करावा केव्हा? एच-१बीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आधी करता येत नाही, आणि तो करावयाचा असतो मालकाने. म्हणजे ज्याचे आयुष्य त्या कागदावर अवलंबून, त्याच्या हाती लेखणी नाही! म्हणून शहाण्या माणसाने आय-९४ च्या तारखेपासून उलटी गणती करावी : वर्षभर आधी पासपोर्ट तपासावा, आठ महिने आधी मालकाला आठवण द्यावी, आणि सहा महिने उरताच अर्ज रवाना होईल असे पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आमची जुनी सवय येथे घातक ठरते.

परंतु सारे वेळेवर करूनही निभाव लागतोच असे नाही, आणि आमचा खरा आक्षेप येथे आहे. वेळेत अर्ज केलेल्या एच-१बीधारकास निर्णय होईपर्यंत २४० दिवस त्याच मालकाकडे काम करता येते. जादा शुल्क भरल्यास १५ कामकाजाच्या दिवसांत त्याच्या अर्जाकडे लक्षही दिले जाते. त्याच्या एच-४ वरील पत्नीस ही जलद वाट खुली नाही. ठरावीक अटींवर अशा जोडीदारांना कामाचा परवाना २०१५ पासून मिळू लागला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केल्यास जुना परवाना आपोआप काही काळ चालू राहण्याची सोयही पुढे झाली. ती ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बंद करण्यात आली. तिने १८० दिवस आधी अर्ज केला व कचेरीने २०० दिवस घेतले, तर मधले २० दिवस तिने घरी बसावे. तिच्या हातून कोणती कसूर झाली?

हा जाच एकदाच सोसावयाचा असता, तर कोणी तक्रार केली नसती. एच-१बीची साधारण मर्यादा सहा वर्षांची. पण कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यास पोहोचला असल्यास २००० च्या कायद्याने त्यापुढेही वाढ मिळते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम वास्तव्यात एका देशाचा वाटा सामान्यतः सात टक्क्यांपुरताच असल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. ज्या देशाने ही रांग लावली, तोच रांगेतल्या माणसाकडून दर काही वर्षांनी नवा कागद मागतो.

कोणास प्रवेश द्यावा, कोणाची किती छाननी करावी, हा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे आणि तो आम्ही मानतो. मात्र छाननीस लागणारा वेळ हा सरकारचा वेळ होय. त्याची किंमत वेळेत अर्ज करणाऱ्याने का द्यावी? ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्यातील ३-सी हे कलम वेळेत अर्ज करणाऱ्याचे हक्क निर्णयापर्यंत जिवंत ठेवते. जर्मनीतही वेळेत अर्ज केला असता जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू आहे असे मानण्याची तरतूद आहे. या दोन्ही देशांनी आपल्या सीमा वाऱ्यावर सोडलेल्या नाहीत.

दिल्लीने वॉशिंग्टनशी व्यापाराच्या वाटाघाटी करताना मालाच्या जकातीइतकेच या माणसांच्या दिवसांचेही मोल सांगावे. मागणी दयेची नसावी. वेळेत आलेल्या अर्जाचा विलंब कचेरीच्या खाती मांडा, एवढीच ती असावी. आणि आमच्या तरुणांनी व्हिसाच्या शिक्क्यावर विसंबून तिकीट काढण्यापूर्वी आय-९४ ची नोंद एकदा उघडून पाहावी. आजारी आईला भेटावयास यावे की न यावे, हा निर्णय मुलाला दिनदर्शिकेपुढे बसून घ्यावा लागतो, ही गोष्ट दोन्ही देशांच्या कारभाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.