पंप बोलतो, पण कोणत्या भाषेत?

आपल्या भागातल्या घरांत दोन भाषा सुखाने नांदतात. आजीचा देवघरातला कारभार मराठीत, नातवाची शाळा कन्नड आणि सून गोकाककडची असली तर चुलीपुढे 'उप्पु' मागितले काय नि मीठ मागितले काय, डबा तोच पुढे येतो. पण गेल्या काही वर्षांत मळ्यात एक तिसरीच भाषा येऊन बसली आहे. ती मराठी नाही, कन्नड नाही आणि धड इंग्रजीही नाही. सोलर पंपाच्या कंट्रोलरवर लाल अक्षरांत उमटणारी ती भाषा. पाणी थांबते, काचेवर दोन-तीन अक्षरे लुकलुकतात आणि सगळे घर त्या पेटीपुढे हात बांधून उभे राहते.

२०१९ साली केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना आली आणि विहिरी-बोअरवेलवर प्लेटा दिसू लागल्या. रात्री-अपरात्री थ्री-फेजची वाट बघत बॅटरी घेऊन मळ्यात जाणे ज्यांचे सुटले, ते या पंपाला दुवाच देतात. पण पंप थांबला की काय करायचे, हे कुणी बसून समजावून सांगितलेले नसते. बसवायला आलेली पोरे एका दिवसात काम उरकून पुढच्या गावी जातात. मिरचीचे रोप नुकते लावलेले असते आणि चार दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको.

मी आयुष्यभर विजेच्या कामात घालवले, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अजून बोलावतात. गेलो की माझा पहिला प्रश्न एकच, "काचेवर काय आलं होतं?" आणि उत्तरही ठरलेले, "कायतरी आलं होतं ओ, आम्ही बंद करून परत चालू केलं." म्हणजे रोग्याने दुखते कुठे ते सांगितले आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला! बऱ्याच कंट्रोलरांच्या पोटात मागच्या काही बिघाडांची नोंद राहते हे खरे, पण ती बाहेर काढायला बटणांची खटपट करावी लागते आणि ती सगळ्यांना जमत नाही. तेव्हा स्विचला हात लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. वाचून फोनवर सांगण्यापेक्षा फोटो बरा, कारण त्या काचेवरचे प्रत्येक अक्षर सात छोट्या दांड्यांतून घडते. इंग्रजी पाच आणि 'एस' तिथे सारखेच दिसतात, शून्य आणि 'ओ' यांत फरक राहत नाही आणि 'व्ही' तर चक्क 'यू' होऊन येतो. मेस्त्री फोनवर भलतेच ऐकतो आणि भलताच सुटा भाग घेऊन येतो. फोटोबरोबर वेळ लिहा आणि आभाळ कसे होते तेही लिहा. यातले निम्मे कोडे त्या आभाळातच असते.

आणखी एक. कोड आला म्हणजे पेटी बिघडली, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. बहुतेक वेळा उलटे असते. पेटी शाबूत असते म्हणूनच तिला दुसरीकडचा बिघाड दिसतो आणि मोटार जळू नये म्हणून ती पंप थांबवते. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. एका पेटीवरचा चार नंबर दुसऱ्या पेटीवर अगदी निराळे सांगतो, त्यामुळे शेजारच्या मळ्यातल्या अनुभवावर जाऊ नये, आपली पुस्तिका बघावी. पण अक्षरे असतील तर थोडा अंदाज बांधता येतो. 'यूव्ही' म्हणजे व्होल्टेज कमी, 'ओव्ही' म्हणजे जास्त, 'ओसी' म्हणजे करंट जास्त, 'ओएल' म्हणजे मोटारीवर बोजा, 'ओएच' म्हणजे पेटी तापली.

सगळ्यांत जास्त घाबरवणारा आणि सगळ्यांत निरुपद्रवी कोड व्होल्टेज कमी असल्याचा. सकाळी लवकर, संध्याकाळी, ढग आले की तो येणारच. खानापूरकडे आषाढात तो दिवसभर आला तरी नवल नाही. ऊन आले की पंप आपोआप सुरू होतो. पण लख्ख ऊन असताना भर दुपारी हा कोड आला तर मात्र प्लेटांकडे बघा. धूळ, पक्ष्यांची घाण, आणि आपल्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात चिमण्यांतून उडणारी काजळी. प्लेटा सकाळी, थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचे पाणी जड असेल तर काचेवर वाळू देऊ नये, पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट.

चिकोडीकडच्या एका घरची गोष्ट सांगतो. पाच एचपीचा पंप, दिवाळीनंतरचे दिवस, आभाळ निरभ्र. तरी साडेतीन वाजले की कोड येऊन पंप बंद. शेजारचा तसलाच पंप पाचपर्यंत चालतो. तक्रार गेली, माणूस येऊन पेटी बदलून गेला, पुन्हा तेच. अण्णा वैतागून म्हणाले, "मास्तर, ही पेटीच अवलक्षणी हाय." त्यांच्या सुनेने मात्र पंप कधी थांबतो ते कॅलेंडरवर रोज लिहून ठेवले होते. गणपतीच्या सुमारास साडेचार, दसऱ्याला चार, आता साडेतीन. ती एवढेच म्हणाली, "मामा, कब्ब एत्तर आगैती." प्लेटांच्या पश्चिमेला ऊस होता आणि तो माणसाच्या डोक्यावर गेला होता. शिवाय थंडीत सूर्य खालून जातो. उसाचे नेरळ आधी एका प्लेटेच्या कोपऱ्यावर, मग पुढच्या प्लेटांवर चढत होते. प्लेटा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की तिचा काही भाग वीज देणे सोडतो आणि साऱ्या ओळीचे व्होल्टेज खाली येते. दोन-चार प्लेटांवर सावली पडली की पेटीला वाटते, सूर्य मावळला. उसाच्या दोन ओळी काढल्या आणि पंप पुन्हा शेजाऱ्याच्या बरोबरीने चालू लागला. वायरमन, पुरवठादाराचा माणूस आणि मी धरून तीन तज्ज्ञ तिथे जमले होते. निदान केले ते कॅलेंडरने.

दुसरा महत्त्वाचा कोड पाणी नसल्याचा, ज्याला पुस्तिकेत ड्राय रन म्हणतात. मोटार वेगाने फिरते, पण पाणी उचलत नाही म्हणून ती करंट फारच कमी घेते. तेवढ्यावरून पेटी ओळखते, पंप थांबवते आणि काही वेळाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. चैत्र-वैशाखात अथणी-रायबागकडे बोअर दमते, तेव्हा हा कोड खराच असतो. थोडे थांबून पाणी भरू द्यायचे, एवढाच उपाय. विहीर भरलेली असून हा कोड आला तर पाण्यावरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळतो का बघा. सबमर्सिबल असेल तर मोटार आणि पंप यांच्यामधला जोड तुटलेला असू शकतो, मग मोटार एकटीच फिरत राहते. कधी कधी ही मर्यादाच चुकीची बसवलेली असते आणि ऊन कमी झाले की पेटी उगाच कोरड असल्याचे सांगते. ती मर्यादा माहितगाराने नीट बसवावी. पण "कटकट नको, ते संरक्षणच बंद करून टाकतो" म्हणणारे मेस्त्री भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. सबमर्सिबल मोटार पाण्यानेच गार राहते आणि तिच्या बेअरिंगला वंगणही पाण्याचेच. कोरडी चालली की ती जाणारच आणि मग बोअरमधून पाईप उपसण्याचा खर्च वेगळा.

करंट जास्त किंवा मोटारीवर बोजा असे आले तर पंपात वाळू-गाळ अडकलेला असतो, नाही तर केबलच्या जोडात पाणी शिरलेले असते. पावसानंतरच येतो का, हे बघितले की बरेचसे कळते. उंदरांनी कुरतडलेली केबलही मी पुष्कळ पाहिली आहे. एक फेज तुटल्याचा कोड आला तरी शोध तिथेच घ्यायचा. हे काम मेगर घेऊन येणाऱ्याचे, आपले नाही.

पेटी तापल्याचा कोड आला तर पंख्याच्या जाळीत गांधीलमाशीचे घर आहे का बघा आणि पेटीवर ऊन येत असेल तर आडोसा करा. पोते मात्र पांघरू नका, आतली उष्णता बाहेर पडायला वाट लागते. व्होल्टेज जास्त असल्याचा कोड थंडीतल्या सकाळी येतो, कारण प्लेट जितकी गार तितके तिचे व्होल्टेज वाढते. कुणा भाच्याने जास्त पाणी यावे म्हणून ओळीत दोन प्लेटा वाढवल्या असतील तर हा येणारच, आणि त्याने पेटी जळूही शकते. टाकी रिकामी असून "टाकी भरली" दाखवत असेल तर फ्लोटची वायर तपासा.

आता धोक्याचे. अशा पंपाच्या प्लेटांची ओळ पाचशे-सहाशे व्होल्टपर्यंत जाते आणि ती डीसी असते. खांबावरची वीज बंद करता येते, सूर्य बंद करता येत नाही. स्विच पाडला तरी प्लेटांकडून येणाऱ्या वायरीत ऊन असेतोवर वीज असते आणि पेटीतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही मिनिटे राहते. किती मिनिटे थांबायचे ते झाकणावर लिहिलेले असते. पंप चालू असताना प्लेटांचे प्लग ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही, ती ताणली तरी जळत राहते. झाकण उघडणे हे घरातल्या कुणाचेच काम नव्हे, आयटीआयला जाणाऱ्या मुलाचेही नाही. शिवाय कुसुम योजनेतल्या पंपाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असते. सील आपण तोडले की त्याला हात झटकायला निमित्त मिळते.

योजनेच्या नियमांनुसार माहितीपुस्तिका स्थानिक भाषेत द्यायची असते. आपल्याकडे ती कन्नडमध्ये येते, पलीकडे कागल-गडहिंग्लजला पाहुण्यांच्या मळ्यात मराठीत. जी मिळाली असेल ती काढा आणि आपल्या पेटीचे सात-आठ कोड एका पुठ्ठ्यावर दोन्ही भाषांत लिहून पेटीशेजारी टांगा. 'नीर इल्ल, पाणी नाही', 'बिसिलु कडिमे, ऊन कमी' इतके पुरे. नातवाला कन्नड लिहू दे, आजीला मराठी. खाली पंपाचा नंबर, बसवल्याची तारीख आणि तक्रारीचा फोन लिहा. दुपारी पंप थांबतो तेव्हा कर्ता पुरुष बहुधा बाजारात किंवा सोसायटीत असतो, मळ्यात असते ती घरची बाई. फोन तिनेच करायचा असतो, म्हणून पुठ्ठा तिच्या नजरेच्या उंचीवर हवा.

एका बिघाडाला मात्र कोडच नाही. केबल बदलली किंवा मोटार काढून परत सोडली, पंप सुरू झाला, काचेवर सगळे ठीक, पण पाण्याची धार बारीक, अशी तक्रार असेल तर मोटार उलटी फिरत असण्याची शक्यता मोठी. मेस्त्रीला बोलावून तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करून घ्यायच्या. तो पाईप उपसायला निघाला असेल तर आधी एवढे करून बघायला सांगा.