हप्ता आपला, मत कोणाचे?

खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते नोकरभरतीवर बोलतात. बोलायलाच हवे. पण भरती, पगार, कंत्राटीकरण यांवर ज्याची मोहोर लागते त्या संचालक मंडळावर कोण बसतो, आणि कोणाच्या मतांनी बसतो? ती मते काही अंशी आपल्याच पैशावर पडतात.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागणी केली होती की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा. माणसाला सुरक्षितता मिळेल आणि राज्याला नियोजनासाठी भांडवल, हा त्यामागचा विचार. १ सप्टेंबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दीड महिना आधी, एलआयसी सुरू झाली. सक्ती आली नाही, पण हप्ता घरोघर पोहोचला. कसालपासून मालवणपर्यंत वाड्यावाड्यांत पॉलिसीचे कागद जपून ठेवलेले आहेत, बौद्धवाड्यांतही. त्या हप्त्यांच्या बळावर एलआयसी आज देशातल्या कितीतरी बड्या कंपन्यांची भागधारक आहे.

भागधारकाला मत असते. २०१४ मध्ये टाटा मोटर्सने वरिष्ठ संचालकांच्या जादा मोबदल्याचे ठराव मांडले. ७५ टक्के मते हवी होती, मिळाली नाहीत. टाटांचे ठराव पडले! १ जानेवारी २०२२ पासून सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालक नेमायलाही असाच विशेष ठराव लागतो. सेबीने पुढे पर्यायी वाट काढली, पण तिथेही सार्वजनिक भागधारकांचे बहुमत हवेच.

आता या खुर्च्यांवर कोण आहे ते पाहा. अजित, डोंकर आणि सक्सेना यांचा अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. एक हजार बड्या कंपन्या, ९,०५२ संचालक. त्यात सुमारे ९३ टक्के पुढारलेल्या जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. आकडा जुना म्हणत असाल तर नवा मागायचा कोणाकडे? सेबीला द्यायच्या जबाबदारी अहवालात मंडळावर महिला किती हे विचारतात, जात विचारत नाहीत. स्वतंत्र संचालक प्रवर्तकापासून स्वतंत्र असावा, असे कायदा म्हणतो. जातीच्या गोतावळ्यापासून नव्हे.

"एलआयसीचे काम परतावा देणे, समाजसुधारणा नव्हे," असे ऐकवले जाते. मग परताव्याचेच बोलू. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या नामवंत मंडळाने राजू कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घ्यायला एकमताने होकार दिला. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी गदारोळ केला म्हणून व्यवहार थांबला. महिन्याभरात घोटाळा उघड झाला. सगळे एकाच वर्तुळातले असले की मालकाला 'नाही' म्हणायचे कोणी? आणि 'मेरिट'वाल्यांना आठवण करून देतो: २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांत एक महिला संचालक सक्तीची केली. कंपन्या बुडाल्या नाहीत.

नॉर्वेचा सरकारी निधी २०२१ पासून आपले मत सभेच्या पाच दिवस आधी जाहीर करतो. एलआयसीनेही करावे, आणि स्वतंत्र संचालकाला मत देण्याआधी कंपनीकडून मंडळाची सामाजिक रचना लेखी मागावी. २०२२ मध्ये शेअर बाजारात आल्यावरही तिची ९६.५ टक्के मालकी सरकारकडे राहिली, त्यामुळे माहितीचा अधिकार लागू आहे. पॉलिसी नंबर घालून शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, खासदाराला प्रत पाठवा.