विश्लेषण : बॅकअप असूनही डेटा का जातो?

ऑगस्ट २०२३मध्ये डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. कंपनीकडे बॅकअप होते, एक नव्हे तर दोन. हल्लेखोरांनी सर्व्हरबरोबर तेही कूटबद्ध केले. खंडणी द्यायची नाही, असे कंपनीने ठरवले आणि बहुतांश ग्राहकांचा सगळा डेटा गेला. बॅकअप होता, तरी हे कसे घडले?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

बँकेचे ॲप, रुग्णालयाची नोंदणी किंवा महाविद्यालयाचे निकाल यांच्यामागे स्वतंत्र सर्व्हर असेलच असे नाही. एका ताकदवान सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाची प्रणाली बसवून तिच्यावर दहा-वीस ‘संगणक’ चालवले जातात. प्रत्येकाची विंडोज किंवा लिनक्स वेगळी. प्रत्यक्षात असा संगणक म्हणजे डिस्कवरील मोजक्या फायली. त्या उचलल्या की अख्खे मशीन हाती येते, म्हणून त्याचा बॅकअप सोपा. ते गमावणेही तितकेच सोपे. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ रॅन्समवेअरने जगभरातील हजारो व्हीएमवेअर सर्व्हर गाठले, तेव्हा आतल्या एकेका मशीनचा पासवर्ड फोडण्याची गरजच पडली नाही. हायपरव्हायझरमध्ये शिरून या फायलींनाच कुलूप लावले गेले. ज्या त्रुटीकडे तेव्हा बोट दाखवले गेले, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच उपलब्ध होती.

स्नॅपशॉट पुरेसा नाही का?

नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाईल त्या क्षणी गोठते आणि पुढचे बदल शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जातात. अपडेट बिघडले तर मागे फिरायला ही सोय उत्तम. पण दोन्ही फायली बहुधा एकाच डिस्कवर असतात. मूळ फाईल गेली की स्नॅपशॉटला अर्थ उरत नाही. महिनोन्महिने पुसायचा राहिलेला स्नॅपशॉट फुगत जातो आणि डिस्क भरून मशीनच बंद पाडतो, ही डोकेदुखी वेगळी.

चालू मशीनची प्रत घेण्यातही मेख आहे. खतावणीत नावे नोंद झाली, जमेची व्हायची आहे आणि तेवढ्यात कुणी पानाची झेरॉक्स काढली तर? डेटाबेसचे तसेच होते. म्हणून चांगले बॅकअप सॉफ्टवेअर आधी मशीनला क्षणभर लिहिणे थांबवायला लावते. विंडोजमध्ये व्हीएसएस ही सेवा आणि लिनक्समध्ये आत बसवलेला ‘एजंट’ हे काम करतो. हा एजंट बसवायचा राहून गेला तरी बॅकअप ‘यशस्वी’ दिसू शकतो.

मग डेटा वाचतो कशाने?

मे २०२४मधील ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. सहा लाखांहून अधिक सदस्यांचा निवृत्तिनिधी सांभाळणाऱ्या युनिसुपरचा गुगल क्लाउडवरील प्रायव्हेट क्लाउड चुकून पुसला गेला. हल्ला नव्हताच. उभारणीच्या वेळी गुगलकडून अंतर्गत साधनातील एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे वर्षभराची मुदत लागू झाली आणि ती संपताच यंत्रणेने सगळे हटवले. ही यंत्रणा दोन ठिकाणी चालत होती, तरी उपयोग झाला नाही. प्रतिकृती मूळ यंत्रणेचे अनुकरण करते, पुसण्याचेसुद्धा! वाचवले ते या प्रायव्हेट क्लाउडबाहेरच्या बॅकअपने. त्यातला काही दुसऱ्या सेवादाराकडे होता. तरीही सदस्यांना आठवडाभर खाती पाहता आली नाहीत.

क्लाउडनॉर्डिकमध्ये नेमके उलट घडले. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवताना आधीच संसर्ग झालेली मशीन अंतर्गत नेटवर्कला जोडली गेली. त्याच नेटवर्कमधून बॅकअपपर्यंत वाट होती. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र, हा ‘३-२-१’ नियम जुना आहे. आता प्रतींच्या संख्येइतकाच प्रश्न आहे तो किल्ल्यांचा. सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला बॅकअपही पुसता येत असेल तर तीन प्रती काय आणि तीस काय! म्हणूनच ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाही बदलता वा पुसता न येणारा साठा आणि बॅकअपसाठी वेगळी खाती यांवर भर दिला जातो.

भारतातील अनुभव काय?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट डेटा कूटबद्ध झाल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. ई-हॉस्पिटलचा डेटा हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. तरी रुग्णनोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे अशी बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. तोवर सारा कारभार कागदावर चालला.

हे दोन आठवडे कमी करता येतात ते सरावाने. कोऱ्या सर्व्हरवर, मुख्य नेटवर्कपासून तोडून, बॅकअपमधून मशीन उभे करायचे. ते सुरू होते का, डेटाबेस उघडतो का, किती तास लागतात, हे पाहायचे. लहान संस्थांमध्ये यासाठी वेगळा सर्व्हर नसतो आणि रात्रीचा ‘बॅकअप यशस्वी’ हा ई-मेलच पुरावा मानला जातो. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला चोवीस तास जोडलेली असेल, तर रॅन्समवेअरच्या दृष्टीने ती आणखी एक डिस्क असते, इतकेच.