मोठ्या वाऱ्याची रात्र आणि शेतकऱ्यांची साक्ष

हवामानाची नोंद यंत्रांनीच ठेवावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टींस शास्त्रात थारा देऊ नये, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांनी आयर्लंडातील शेतकऱ्यांचे उदाहरण अवश्य पाहावे.

सन १८३९ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, आदल्या दिवशीच्या बर्फानंतर, त्या देशात हवा विलक्षण स्तब्ध व उबदार झाली. रात्र पडताच पश्चिमेकडून जो झंझावात सुटला त्याने घरांचे शाकार उडविले, चुलींतील निखारे पसरून वस्त्या पेटल्या आणि गवताच्या गंजी व धान्याच्या सुड्या रानोमाळ झाल्या. वैरण गेली म्हणजे पुढे गुरांचे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. हा वारा किती वेगाचा होता हे मोजणारे कोणी नव्हते. आर्मा येथील वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी वाट्यांचे वायुवेगमापक केले ते १८४६ साली. म्हणजे शास्त्रासही त्या रात्रीसाठी बव्हंशी डोळ्यांच्या साक्षीवरच विसंबणे प्राप्त आहे.

ही साक्ष निर्दोष असते असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरील गरिबांस आठवड्यास ५ शिलिंगांपर्यंत वेतन मिळू लागले. आयर्लंडात जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झालेली. तेव्हा वृद्धांनी वयाचा दाखला आणावा कोठून? ‘मोठा वारा आठवतो काय?’ हा प्रश्न त्या कामी आला आणि आठवणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. वास्तविक जो त्या रात्री जन्मला तोही सत्तरीस पोचला होता. मग ज्यास ती खरोखर आठवत होती त्याचे वय त्याहून बरेच अधिक असले पाहिजे! आठवणीस मोल आले की ती फुगते, हा दोष लक्षात ठेवावा. तेवढ्यावरून सर्वच साक्ष टाकून देणे म्हणजे तणाबरोबर पीक उपटणे होय.

१९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात उत्तम उपाय योजिला. सुमारे पाच हजार शाळांतील वरच्या वर्गाच्या मुलांस वह्या देऊन घरच्या वडील मंडळींकडून माहिती लिहून आणावयास लाविले. नेमून दिलेल्या विषयांत ‘कडक हवामान’ हाही एक होता. ज्या घराचे छप्पर गेले त्याच घरातला नातू ते लिहितो; सालात चूक होईल, पण कोणाची गंजी कोणाच्या कुंपणास अडली यात सहसा होत नाही. सरकारी तक्त्यात असली माहिती कधीच येत नाही. २०२५ च्या जानेवारीत २४ तारखेस एओविन वादळात गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे ताशी १८३ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. आकडा अचूक आहे. परंतु कोणती भिंत टिकली व कोणती पडली, हे तो सांगत नाही.

दुर्दैव इतकेच की वह्या १९३९ मध्ये मिटल्या आणि १९४७ च्या फेब्रुवारीतील महाहिमपात त्यांत येऊ शकला नाही. आदल्या वर्षीचा हंगाम पावसाने बुडालेला, जानेवारीपासून पावावर नियंत्रण, त्यात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मेंढ्या. त्या उकरून काढण्यास वडिलांबरोबर गेलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत.