दूध बंद करण्याआधी...

मीठ घातलेलं वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. ती मिठातल्या सोडियमची सही! प्रत्येक मूलद्रव्याची अशी ठरलेली सही असते. जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ या जोडीने १८६०-६१ मध्ये ह्या सह्या वाचूनच सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधून काढली.

आता ज्योतीऐवजी लेसर आलाय. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता झोत नमुन्यावर मारायचा. तिथला कणभर पदार्थ हजारो अंश तापून प्लाझ्मा होतो, आणि त्या ठिणगीच्या उजेडाचा वर्णपट पाहिला की आत काय काय आहे ते कळतं. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेली क्युरिऑसिटी गाडी काही मीटरवरचे दगड असेच तपासत आली आहे. आणि मुतखडा, तोही दगडच की! अलाहाबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी मुतखडे आणि पित्ताशयातले खडे ह्याच पद्धतीने तपासले आहेत. नमुना आम्लात विरघळवत बसायला नको. खडा मधोमध कापला तर गाभ्यापासून कडेपर्यंत कुठे काय साचत गेलं तेही दिसतं.

मला हे सगळं भन्नाट वाटतं. पण भीती वाटते ती रिपोर्ट घरी आल्यानंतरची. 'कॅल्शियम' हा शब्द दिसला रे दिसला की घरातली वडीलधारी मंडळी दूध-दही बंद करणार! खरं तर बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून शौचावाटे बाहेर काढतं. अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले.

लेसर मूलद्रव्य सांगतो. ते तिथे का साचलं, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी लघवीची तपासणी करून घेणारा, पाणी किती पिता, खाता काय, असे कंटाळवाणे प्रश्न विचारणारा डॉक्टरच लागतो.

म्हणून माझं मत विचाराल तर, पडलेला खडा फेकू नका. तपासायला जरूर द्या, लेसरने असो वा नेहमीच्या पद्धतीने. पण रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना दाखवा, स्वयंपाकघरातले बदल नंतर.

असो. तोवर, मंडळी, पाणी प्या!