प्रकल्प रद्द झाला, मग पैसे वाचले का? लुइझियानाच्या किनाऱ्याचा हिशोब

१७ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने आपला किनारा सावरण्याचा सर्वात मोठा प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. प्रकल्पाचं नाव मिड-बॅराटारिया सेडिमेंट डायव्हर्जन, खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर. बातमी वाचून वाटतं, चला, तीन अब्ज वाचले! पण तोपर्यंत ५० कोटी डॉलरहून जास्त खर्च होऊन गेला होता आणि हातात जमीन आली होती शून्य.

हे नेमकं झालं कसं, आणि उरलेलं बिल कोणाच्या नावावर फाटणार, ते समजून घेऊ.

किनारा गायब का होतोय?

मिसिसिपी नदी हजारो वर्षं गाळ आणून समुद्राच्या तोंडाशी जमीन तयार करत होती. १९२७च्या महापुरानंतर नदीच्या दोन्ही बाजूंना मोठे बंधारे बांधले गेले. पूर थांबला, पण गाळही थांबला. तो आता पाणथळ जमिनीवर न पसरता सरळ खोल समुद्रात जातो. त्यात तेल कंपन्यांनी खणलेले कालवे, खचणारी जमीन आणि वाढणारी समुद्राची पातळी. १९३२ ते २०१६ या काळात राज्याने किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त!

प्रकल्प काय करणार होता?

आयडिया साधी होती. न्यू ऑर्लिन्सच्या खाली, नदीच्या बंधाऱ्यात दरवाजे बसवायचे आणि गरजेप्रमाणे ते उघडून गाळाचं पाणी बॅराटारियाच्या खोऱ्यात सोडायचं. क्षमता सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २१ लाख लिटर. ५० वर्षांत यातून अंदाजे ५० चौरस किलोमीटर जमीन उभी राहील, असं गणित होतं. पैसे मुख्यतः २०१०च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून येणार होते.

ऑगस्ट २०२३मध्ये भूमिपूजन झालं. मग स्थानिक प्लॅकमिन्स पॅरिश, म्हणजे तिकडचा जिल्हा, कोर्टात गेला आणि काम रखडलं. नवे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी खर्च आणि मासेमारीचं नुकसान यावर बोट ठेवलं. एप्रिल २०२५मध्ये आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने परवाना स्थगित केला. तीन महिन्यांनी प्रकल्प संपला.

सरकारच्या खिशाला चार भोकं

१. बुडालेला पैसा. डिझाइन, अभ्यास, जागेची तयारी यावरचा खर्च परत येत नाही. अर्धवट ॲप निदान पुढच्या प्रोजेक्टमध्ये वापरता येतं. एका ठरावीक जागेसाठी केलेलं डिझाइन दुसरीकडे तसंच्या तसं चालत नाही.

२. वाढणारा भाव. आधीच्या अंदाजांमध्ये खर्च २ अब्ज डॉलरच्या आसपास होता. २०२३पर्यंत तो २.९ अब्जांवर गेला. स्टील, काँक्रीट, मजुरी यांचे भाव कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.

३. अटींचा पैसा. ही भरपाई म्हणजे मोकळं पाकीट नाही. ती ठरलेल्या कामासाठी, विश्वस्तांच्या मंजुरीने मिळते. काम बदललं की नवा आराखडा, नवी मंजुरी, परत काही वर्षं. आणि बीपी कंपनीचे हप्ते २०३०च्या दशकाच्या सुरुवातीला संपणार आहेत. त्यानंतर असा बाहेरून आलेला मोठा निधी हाताशी नसेल. राज्याचा २०२३चा किनारा आराखडा मात्र ५० वर्षांत ५० अब्ज डॉलर लागतील असं सांगतो.

४. न दिसणारं कर्ज. हे सगळ्यात महाग. पाणथळ जमीन वादळाच्या लाटेचा जोर कमी करते. ती गेली की लाट थेट बंधाऱ्यावर आणि वस्तीवर येते. २००५च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची संरक्षण यंत्रणा उभारायला सुमारे १४.५ अब्ज डॉलर लागले. सरकारी पूरविमा योजना तर इतकी बुडाली की २०१७मध्ये अमेरिकन संसदेने तिचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. तरीही २० अब्जांहून जास्त बाकी राहिलं.

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही ‘टेक्निकल डेट’ म्हणतो. आज दुरुस्ती टाळली की उद्या तीच दुरुस्ती व्याजासकट करावी लागते. फरक इतकाच की आमच्याकडे सर्व्हर पडतो, इथे गावं पाण्याखाली जातात.

मग विरोध करणारे चुकीचे होते का?

नाही. नदीचं गोडं पाणी आत आलं की खाऱ्या पाण्यातले ऑयस्टर मरतात, कोळंबीची जागा बदलते, डॉल्फिनलाही धोका होतो. हे सरकारी पर्यावरण अहवालातच लिहिलं होतं. ज्यांचं घर ऑयस्टरवर चालतं, त्यांना ‘५० वर्षांनी जमीन मिळेल’ सांगून काय उपयोग? पण हे सगळं भूमिपूजनाआधी माहीत होतं. भांडण तेव्हाच मिटवायला हवं होतं. सुरू करून मग थांबवणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

२०२५मध्ये राज्य जवळच छोट्या क्षमतेच्या प्रकल्पाचा विचार करत होतं. तो स्वस्त पडेल, पण गाळही कमी आणेल. दुसरा मार्ग म्हणजे तळातला गाळ उपसून पाइपने टाकणं. त्याने जमीन लवकर दिसते, पण ती खचत राहते आणि पुन्हा भर घालावी लागते.

बातमी वाचताना

पुढच्या वेळी कुठल्याही सरकारची ‘प्रकल्प रद्द, इतके कोटी वाचले’ अशी पोस्ट फीडमध्ये दिसली, तर शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. आतापर्यंत किती खर्च झाला? उरलेला पैसा खरंच दुसरीकडे वापरता येतो का? आणि काम न झाल्याने होणारं नुकसान कोणाच्या खात्यात जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बजेटमध्ये सापडत नाही. लुइझियानात ते पुढच्या मोठ्या वादळानंतर कळेल.